जिज्ञासा कीं गर्दी?

२५ जून २००९ रोजीं अमेरिकन गायक मायकल जॅक्सन निवर्तले, तेव्हां त्यांचें नांव शोधणाऱ्यांची 'गूगल'वर एवढी झुंबड उडाली, कीं त्या शोधयंत्रास हा आपल्यावरील हल्लाच वाटला. आणि कांहीं काळ त्यानें खऱ्या जिज्ञासूंसही दार लावून घेतलें. या चुकीस कोणीही हंसेल. आम्हांस मात्र ती अगदींच निराधार वाटत नाहीं. वार्ता येते आणि लक्षावधि माणसें एकच शब्द विचारूं लागतात. ही ज्ञानाची तहान, कीं कळपाची धांव?

कोणी म्हणेल, ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कवर आघात झाला, तेव्हांचा शोध आप्तेष्टांच्या काळजीचा होता. खरें आहे. त्या दिवशीं गूगलजवळ ताजी वार्ता नव्हती. त्यानें लोकांस रेडिओ व दूरचित्रवाणीकडे वळविलें. याच उणिवेंतून कृष्णा भरत यांनीं निर्मिलेलें 'गूगल न्यूज' २००२ सालीं पुढें आलें. म्हणजे गर्दीच्या प्रश्नांतूनही उपयुक्त वस्तु निपजते.

मग भेद कोठें? आमच्या मतें तो प्रश्न उठण्यांत नसून टिकण्यांत आहे. वार्तेनें मन जागें होणें हा दोष नव्हे. ती शिळी होतांच त्यानें पुन्हां निजावें, हा दोष. भूकंपांत पडलेलें घर बातमी सरल्यावरही पडकेंच राहतें. इतर कोणी विचारीत नसतां जो त्याची चौकशी करतो, तोच जिज्ञासु. बाकीचे आम्ही सारे गर्दीच, हें कबूल करण्यास संकोच कां वाटावा?