क्षमा करायची, पण मणी काढून घ्यायचा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, अध्याय सातवा.

परवा पितृपक्षात आमच्याकडे आजीचं श्राद्ध होतं. पान वाढून झालं आणि बाबा एकदम म्हणाले, "ज्यांनी मला आईचं तोंड पाहू दिलं नाही, त्यांना मी या जन्मात माफ करणार नाही." सगळे गप्प बसलो. रोज इथे क्षमेवर लिहिणारा मीसुद्धा.

आजी 2020 च्या सप्टेंबरमध्ये गेली. त्या आधी आषाढीला तिने टीव्हीवर पाहिलं होतं, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला निघाल्या होत्या. कितीतरी वर्षं पायी वारी केलेली ती बाई पदराने डोळे पुसत राहिली. नंतर तिला हॉस्पिटलमध्ये नेलं ते शेवटचंच. बाबा तुळशीची माळ घेऊन दोन दिवस खाली उभे होते. "एवढी तरी आत पाठवा," म्हणत होते. "नियम नाही" एवढंच उत्तर मिळालं. माळ अजून देवघरात आहे.

आज भागवत उघडलं आणि समोर आला तो हा सातवा अध्याय. द्रौपदीची पाच मुलं झोपेत मारली गेली आहेत. अर्जुन अश्वत्थाम्याला दोरीने बांधून तिच्यासमोर आणतो. आता ती काय म्हणेल? ती म्हणते, सोडा याला. मी जशी रडते आहे, तशी याची आई रडायला नको. भीम मात्र चिडलेला आहे, त्याला मारायचंच आहे. श्रीकृष्ण एकाचीच बाजू घेत नाहीत. द्रौपदीचंही राहील आणि भीमाचंही, असं काहीतरी कर, असं ते अर्जुनाला सुचवतात. अर्जुन अश्वत्थाम्याचा जीव घेत नाही. त्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला छावणीबाहेर घालवून देतो.

आधीच सांगतो, लॉकडाऊन लावणारे म्हणजे अश्वत्थामा असं मला म्हणायचं नाही. त्याने ठरवून मारलं होतं. 2020 मध्ये सगळेच घाबरलेले होते, आजार नवा होता आणि कठोर निर्णय घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना जीवच वाचवायचे होते. आपण भागवतातून घ्यायची आहे ती क्षमेची रीत.

पहिली गोष्ट. क्षमा द्रौपदीने केली. तिचं दुःख होतं, म्हणून हक्कही तिचाच होता. तिच्या वतीने "झालं गेलं विसरून जा" असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तर ती क्षमा झाली नसती. 24 मार्च 2020 ला रात्री आठला घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. हातात चार तास. त्यानंतर जे मजूर शेकडो मैल चालत निघाले, त्यांच्या वतीने मी घरी एसीत बसून माफी कशी देणार? 8 मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्या घरच्यांनी काय करावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. आणि बाबांनाही मी "सोडून द्या" म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट. अश्वत्थाम्याने काय केलं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. कोणी ते लपवलं नाही. आपल्याकडे सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत विचारलं गेलं, वाटेत किती मजूर गेले? उत्तर आलं, अशी आकडेवारी उपलब्ध नाही. जे लिहूनच ठेवलं नाही, ते माफ कसं करायचं? तो नुसता विसर झाला.

तिसरी गोष्ट म्हणजे मणी. ज्या सामर्थ्याच्या जोरावर माणूस बेफाम वागला, ते सामर्थ्य काढून घेतलं गेलं. ज्या साथरोग कायद्याखाली आपल्याकडे निर्बंध आले, तो 1897 चा, प्लेगच्या काळातला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावर खटला चालणार नाही. म्हणजे माफी आधीच लिहून ठेवलेली! घाबरून चुकलेल्या माणसाला हे संरक्षण असावं, मला मान्य आहे. पण बरेलीत परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं गेलं, त्याचं काय? तिथे चौकशी, जाब आणि पुढच्या वेळेसाठी मर्यादा हव्यातच. द्वेष न ठेवताही हे मागता येतं.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. कारण मला आमच्या सोसायटीचं गेट आठवलं.

एप्रिल 2020. मी कमिटीचा उत्साही व्हॉलंटियर, हातात तापमान मोजायची गन. आमच्याकडे नऊ वर्षं काम केलेल्या मावशी पगार मागायला आल्या होत्या. "मावशी, नियम आहे, आत नाही सोडता येणार." त्या बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. मी पाकिटावर सॅनिटायझर मारून ते गजांतून पुढे केलं. त्यात अर्ध्याच महिन्याचे पैसे होते. पुढचे तीन महिने तेही दिले नाहीत. माझ्या बाबांना जे उत्तर मिळालं, तेच मी मावशींना आधी देऊन बसलो होतो.

मावशींनी मला माफ करावं असं वाटतं. पण "काही झालंच नाही" असं त्यांनी म्हणावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मी चुकलो हे आधी त्यांच्यासमोर सांगायला हवं. राहिलेले पैसे द्यायला हवेत. पुन्हा असं वागणार नाही हे दाखवायला हवं. माफ करायचं की नाही हे त्यानंतर मावशी ठरवतील. मोठ्या खुर्चीतल्या माणसांकडून मला जे हवंय, तेही एवढंच आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात क्षमा ही दैवी संपत्तीत मोजली आहे. त्याच यादीत सत्यही आहे. एक सोडून दुसरी घेता येत नाही.

आजचा संकल्प : त्या काळात आपण कोणाला "नियम आहे" म्हणून गेटवर थांबवलं, ते आठवायचं. शक्य असेल तर आजच फोन करायचा. मी संध्याकाळी मावशींच्या घरी जातोय.

विठ्ठला, बाबांच्या मनातला राग तुझ्या वेळेने उतरव. ज्यांनी आम्हाला दुखावलं, त्यांना खरं बोलायची बुद्धी दे. आणि मलाही.

राम कृष्ण हरी!