क्षयाची लस आणि संगणकाची चाळणी

बीसीजी ही लस पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिली गेली ती 1921 साली. शंभरी उलटली तरी क्षयावर सर्वत्र वापरली जाणारी तीच एकमेव लस आहे. तान्ह्या मुलांना मेंदूज्वरासारख्या क्षयाच्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून आपल्याकडे बाळाच्या डाव्या दंडावर तिची खूण उमटते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांचे मात्र तिच्याकडून भरवशाचे रक्षण होत नाही. तमिळनाडूतल्या चिंगलपट जिल्ह्यात 1968 साली सुरू झालेल्या, अडीच लाखांहून अधिक लोकांच्या चाचणीने हे लख्ख दाखवून दिले. आणि रोग पसरवतो तो खोकणारा प्रौढ. 2023 साली जगात सुमारे 1 कोटी 8 लाख लोकांना क्षय झाला, साडेबारा लाख दगावले. दर चार नव्या रुग्णांत किमान एक भारतातला होता. नवी लस हवी, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. वाद आहे तो जंतूच्या शरीरातले नेमके काय लसीत घालायचे, यावर.

1998 साली क्षयजंतूचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. सुमारे 44 लाख अक्षरे आणि जवळजवळ 4000 जनुके. म्हणजे 4000 प्रथिनांची यादीच हाती आली. त्यांतली कोणती आपल्या प्रतिकारयंत्रणेला जागे करतील, कोणती प्रतिजन ठरतील, हे प्रयोगशाळेत एकेक करून तपासायचे तर पिढ्या जातील. मग हे काम आधी संगणकाकडे का सोपवू नये? इटलीत रिनो रापुओली यांच्या गटाने मेनिंजायटिसच्या ‘बी’ जातीच्या जंतूबाबत हेच केले. जीनोम वाचून संगणकाने शेकडो प्रथिने निवडली, प्रयोगशाळेने त्यांतली मोजकी टिकवली आणि 2013 साली युरोपात त्या लसीला मान्यता मिळाली. मग क्षयाचेही असेच का होऊ नये, असे अनेकांना वाटले.

संगणक करतो काय, ते एका प्रथिनावरून पाहू. ईसॅट-6 हे क्षयजंतूचे प्रसिद्ध प्रथिन अवघ्या 95 अमिनो आम्लांचे आहे. बीसीजीचा जंतू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवला गेला, त्यात हे प्रथिन बनवणारा जनुकांचा तुकडाच गळून पडला. म्हणून तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सायटीबी’ या त्वचाचाचणीत ते वापरता येते: बीसीजी घेतलेल्याला त्याची ओळख नसते, खरा संसर्ग झालेल्याला असते. आपल्या पेशी गिळलेल्या जंतूची प्रथिने कापतात आणि तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशींना दाखवतात. या रेणूच्या खोबणीत साधारण नऊ आम्लांचा गाभा बसतो. संगणक पहिली नऊ आम्ले घेतो, मग एक घर सरकतो, पुन्हा नऊ. असे ईसॅट-6 चे 87 तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा खोबणीत किती घट्ट बसेल, याचा अंदाज तो आधीच्या हजारो प्रयोगांवर शिकून बांधतो. मग चाळणी लागते: माणसाच्या प्रथिनांशी साम्य असलेले बाद, जंतूच्या वाणागणिक बदलणारे बाद, जंतूच्या आतच दडून राहणारे बाद. उरलेले चारदोन डझन तुकडे एकापुढे एक जोडले की कागदावर लस तयार होते. अशा लसींचे शोधनिबंध आता ढिगाने निघतात. बहुतेकांची गाडी उंदरापर्यंतही पोहोचत नाही.

खरी मेख चाळणीच्या गृहीतकात आहे. टी-पेशींना जे दिसते त्यावर हल्ला होतो; म्हणून जंतू ते बदलत राहणार, लपवणार, असे आपण धरून चालतो. प्रतिपिंडांना चुकवताना फ्लूचा विषाणू तसेच करतो. पण 2010 साली 21 क्षयजंतूंच्या जीनोमांची तुलना झाली, तेव्हा उलटेच निघाले. टी-पेशी ओळखतात अशा 491 तुकड्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांत एकही आम्ल बदललेले नव्हते. हजारो वर्षे माणसात राहून या जंतूने आपली ओळखच जपून ठेवली आहे. त्याचा एक अर्थ असा: त्याला ओळखले जाणे सोयीचे असावे. आपल्याच पेशींच्या हल्ल्यातून फुप्फुसात पोकळ्या पडतात आणि पोकळ्या पडल्या की खोकल्यातून जंतू बाहेर निघतो. हे खरे असेल, तर संगणक अत्यंत अचूकपणे आपल्याला जंतूच्या सोयीची प्रथिने शोधून देत असेल.

चाचण्यांनीही सावधच केले आहे. एमव्हीए85ए ही लस प्रतिकारपेशी उत्तम जागवत होती. दक्षिण आफ्रिकेत सुमारे 2800 बाळांवरच्या चाचणीचा निकाल 2013 साली आला, तेव्हा संरक्षण जवळजवळ शून्य. याउलट एम72 या लसीतल्या दोन प्रथिनांनी आफ्रिकेतल्या तीन देशांत, आधीच संसर्ग असलेल्या प्रौढांत, तीन वर्षांत रोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणले. एकीने तारले, दुसरीने नाही. का, ते आजही नक्की सांगता येत नाही. मेनिंजायटिसच्या लसीकडे एक पट्टी होती: रक्तातली प्रतिपिंडे नळीत जंतू मारतात की नाही, हे पाहून निवड करता येई. क्षयजंतू पेशीच्या आत राहतो. त्याच्यासाठी तशी सर्वमान्य पट्टीच नाही. चाळणी आहे, पण तिची भोके किती मोठी ठेवायची, हे कुणाला माहीत नाही.

म्हणून संगणक टाकून द्यावा काय? मुळीच नाही. 4000 चे 40 करणे हे मोठेच काम आहे. मात्र तो शिकतो आपण दिलेल्या माहितीवर आणि ती माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या एचएलएची आहे. भारतात जाती-जमातींगणिक, प्रांतागणिक हे रेणू बदलतात. ज्या देशात सर्वाधिक रुग्ण, त्याच देशाच्या लोकांविषयीचे अंदाज सर्वांत कच्चे, हे परवडणारे नाही. 2019 पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) क्षयरुग्णांच्या घरातल्या सुमारे 12,000 निकटवर्तीयांवर व्हीपीएम1002 आणि इम्युव्हॅक या दोन लसींची चाचणी घेतली. अशा प्रत्येक चाचणीत लोकांचे एचएलए तपासावेत, कोण आजारी पडले आणि कोण निरोगी राहिले याच्याशी ते जोडावेत, नावे काढून ती माहिती संशोधकांना खुली करावी. आणखी एक कागदी लस बनवण्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, खर्चिकही आहे. पण सरकारने पैसा आधी याच कामावर घालावा.