पावसाची नक्षत्रे

मराठी पंचांग पावसाळ्याची वाटणी नक्षत्रांत करते. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागतो, आणि मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी पावसाची नक्षत्रे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतात. त्याआधीची रोहिणी मशागतीची आणि कोकणातल्या धूळवाफ पेरणीची, तर नंतरच्या चित्रा-स्वाती परतीच्या पावसाच्या.

या प्रत्येक नक्षत्रापुढे एक वाहन छापलेले असते आणि गावात चर्चा होते ती त्याचीच. वाहन काढण्याची रीत सोपी आहे. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे, सूर्यनक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचे आणि आलेल्या आकड्याला 9 ने भागायचे. बाकी 0 उरली तर हत्ती. 1 ते 8 साठी अनुक्रमे घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. या हिशेबात वारा, ढग, समुद्राचे तापमान कशालाच जागा नाही. शिवाय वाहन साऱ्या मुलखाला एकच. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पण म्हैस दोन्हीकडे सारखीच यायची! अंदाज म्हणून वाहनांची किंमत शून्य आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

तरीही पंचांग टिकले. श्रद्धा हे त्याचे एक कारण, पण तेवढेच नाही. पाऊस किती पडेल हे पंचांगाला सांगता येत नसले, तरी आज हंगाम कुठवर आला हे ते अचूक सांगते. तिथीवर चालणारे चांद्र महिने अधिकमासामुळे मागेपुढे होतात. ज्येष्ठ कधी मेअखेरीस सुरू होतो, कधी जूनच्या मध्यावर. पेरणीला असा सरकता महिना उपयोगाचा नाही. नक्षत्रे सूर्यावर बांधलेली असल्याने दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दक्षिण कोकणातून राज्यात शिरणारा मोसमी पाऊस मृगाशी बऱ्यापैकी जुळतो. छापील कॅलेंडर घरात नव्हते तेव्हा शेतकऱ्याचे हेच कॅलेंडर होते.

हे जुळणेही कायमचे नाही. पंचांगाचे नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने दर बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. शिवकाळातला मृग ऋतूच्या हिशेबाने आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असे. एका पिढीला हे जाणवत नाही, वराहमिहिराच्या काळापासून मोजले तर मात्र फरक वीस दिवसांच्या घरात जातो.

लोकांनी या पंधरवड्यांना आपली नावेही दिली. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघेचा सासूंचा, पूर्वेचा सुनांचा. ही नावे नुसती गंमत नाहीत. भाताची लावणी, निंदणी, रब्बी ज्वारीची पेरणी यांची वेळ बोलण्यात ठरायची ती याच नावांनी. सोलापूरकडच्या ज्वारीला उत्तरा-हस्ताची ओल लागते, आणि हस्ताचा हत्ती तर भोंडल्याच्या पाटावरही जाऊन बसला. हवामान खात्याचे 'सरासरीच्या अमुक टक्के' शास्त्रीय असूनही बोलीत असे रुजले नाहीत. टक्क्यावरून कोळपणी कधी करायची ते कळत नाही.

सोलापूरचे दाते पंचांग शंभरी ओलांडून गेले, तर 1973 साली निघालेल्या 'कालनिर्णय'ने पंचांग भिंतीवर आणले. मोबाइलवर हवामानाचा इशारा वाचणारा शेतकरीही कोणते नक्षत्र चालू आहे ते विचारतोच, आणि यात विसंगती नाही, कारण इशारा येत्या चार दिवसांचा असतो आणि नक्षत्र साऱ्या हंगामाचे. नुकसान होते ते नक्षत्रालाच पेरणीचा हुकूम मानल्यावर. मृग लागला म्हणून कोरडवाहू रानात घाईने बी टाकले आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग सांगतो.