कर नाही त्यालाही

ईमेल एन्क्रिप्ट करून पाठवत जा, असं कुणाला सुचवलं की हमखास ऐकू येतं, "कर नाही त्याला डर कशाला?" मला हे मुळीच पटत नाही. साधी माणसं ईमेलने काय पाठवतात ते पाहा. आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट, गृहकर्जासाठी पॅन, आधार आणि बँकेचं स्टेटमेंट, भावाभावांतल्या वाटणीचा कच्चा मसुदा. यात कसला आलाय गुन्हा? तरीही ते परक्याने वाचलेलं आपल्याला चालणार नाही. ईमेल वाटेत आता बहुतेक वेळा सुरक्षित असते, पण पोचल्यावर ती सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून राहते. सेवा देणाऱ्या कंपनीला ती वाचता येते, पासवर्ड चोरणाऱ्यालाही.

अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम केलेले अमेरिकन प्रोग्रामर फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ईमेल एन्क्रिप्ट करणारं पीजीपी हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. त्यांचा मुद्दा आजही बिनतोड वाटतो : सगळेच पोस्टकार्डावर लिहीत असते, तर पाकीट वापरणाऱ्याचा संशय आला असता. त्या काळी अमेरिकेत असं सॉफ्टवेअर निर्यातीच्या नियमांत चक्क युद्धसामग्रीत मोडायचं. पीजीपी देशाबाहेर पोचलं आणि झिमरमन यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. ती जवळजवळ तीन वर्षं चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच संपली. दरम्यान एमआयटी प्रेसने सगळा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला, कारण पुस्तक परदेशी पाठवायला मनाई नव्हती!

पीजीपीत किल्ल्या दोन असतात. सार्वजनिक किल्ली कुणालाही द्यावी. तिने बंद केलेला मजकूर फक्त आपल्या खासगी किल्लीने उघडतो. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये ही सोय २०२० पासून आतच आहे. कुणी कुणाला, केव्हा पाठवलं, हे मात्र लपत नाही. आणि खासगी किल्ली हरवली, तर जुना मजकूर कायमचा गेला. म्हणून तिची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण बातमीचा स्रोत जपणारा पत्रकार, घरातल्या छळातून सुटू पाहणारी बाई, यांचीच ईमेल तेवढी बंद असेल, तर ती तेवढ्यानेच नजरेत भरते. आपण आपल्या सीएला पाठवलेला साधा फॉर्म सोळाही तसाच बंद असला, की त्यांची ईमेल चारचौघांसारखी दिसते.