बंद कॅमेऱ्यांमागचे विद्यार्थी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांतले तास मोबाइलवर आले. लिंक यायची, नावांचे काळे चौकोन उघडायचे, सर विचारायचे, ‘समजलं का?’ आणि पलीकडे सगळं शांत. या शांततेवरून निष्कर्ष काढला गेला की पोरांना शिकायचंच नाही. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण भागात साधारण ४ टक्के घरांत संगणक होता आणि १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय. शहरांत हेच प्रमाण २३ आणि ४२ टक्के. पुढे मोबाइल वाढले हे खरं, पण दिवसाचा दीड जीबीचा पॅक दोन-तीन तासांच्या व्हिडिओतच संपू शकतो, आणि एका फोनवर धाकट्या भावाची शाळाही भरत असेल, तर तो फोन कुणाच्या हाती जाणार? एका खोलीच्या घरात, मागे स्वयंपाक चालू असताना कॅमेरा बंद ठेवण्यात आळसापेक्षा संकोचच जास्त असतो.

वर्गात एखाद्याला समजलं नाही हे त्याला सांगावं लागत नाही. लिहिता लिहिता थांबलेलं पेन, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारी मान, यावरून शिक्षक ओळखतो आणि फळ्यावरचं उदाहरण पुसून पुन्हा मांडतो. शिकणाऱ्याचं अडणं कुणाच्या तरी नजरेस पडणं, हा शिक्षणाचा गाभाच आहे. ऑनलाइन तासात ही नजर गेली आणि तिची जागा लॉगिनच्या यादीनं घेतली. ज्या संताचं नाव विद्यापीठानं धारण केलं, ते खंजिरी घेऊन गावोगाव लोकांसमोर उभे राहायचे. समोरचा ऐकतोय की नाही, हे त्यांना कुठल्या यादीवरून ठरवावं लागत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, टाळेबंदीआधी तरी वर्ग कुठे भरत होते? आक्षेप खरा आहे. पण रिकामा बाक दिसतो, त्याची चौकशी करता येते. चालू लिंकमागची रिकामी खुर्ची कुणालाच दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नोकरी करून शिकणाऱ्याला, लग्नानंतर गाव सुटलेल्या मुलीला ध्वनिचित्रित तास हाच आधार असतो. तो आधार राहायलाच हवा. अवघड भाग चार वेळा थांबवून ऐकण्याची सोय वर्गात कधीच नव्हती. मात्र ती सोय पुस्तकासारखी आहे, आणि पुस्तक दिलं म्हणून शिकवण्याची जबाबदारी संपली, असं कोणतंही विद्यापीठ म्हणत नाही.

आता तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून मिळवण्याची मुभा दिली आहे. तेव्हा प्रश्न टाळेबंदीबरोबर संपलेला नाही. ऑनलाइन शिकणाऱ्या प्रत्येक वीस-पंचवीस जणांमागे एक प्राध्यापक नेमावा, आठवडाभर कुणी दिसलं नाही तर त्यानं स्वतः फोन करावा, महिन्यातून एकदा सगळ्यांनी समोरासमोर बसावं. याला पैसे लागतील, माणसं लागतील. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरीकडच्या पोरांपर्यंत हे पोहोचायचं असेल, तर महाविद्यालयांतली रिकामी पदं आधी भरावी लागतील.