दाव्यास कारण केव्हा घडले?

लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर माजी केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी बदनामीची फिर्याद केली होती. 17 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्लीच्या राऊज अव्हेन्यू न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, काही दशकांनंतरही मांडता येते, असं त्या निकालात म्हटलं आहे. तो निकाल मोलाचा आहे. पण लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेली मुलगी किंवा मुलगा मोठेपणी दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागायला गेला, तर ती दशकं त्याला मिळत नाहीत.

फौजदारीत निदान वाट आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने कायदा मंत्रालयाचा सल्ला घेऊन स्पष्ट केलं, की बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालची तक्रार कोणत्याही वयात करता येते. अर्थात हा कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासूनचा. त्याआधीच्या घटनांना जुनी दंडसंहिता लागू, आणि तीत 2013च्या दुरुस्तीपूर्वी विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांतच घ्यायची.

दिवाणीत 1963चा मुदत कायदा चालतो. वादी अज्ञान असेपर्यंत मुदत थांबते. अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षं मिळतात. एकविसावा वाढदिवस उलटला की दावा मुदतबाह्य. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने तो फेटाळायचाच, असं कलम 3 सांगतं. उशीर माफ करण्याची कलम 5ची सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. त्याच कायद्यात मालकीहक्काने जमिनीचा ताबा मागायला 12 वर्षं आहेत, गहाण सोडवायला 30, आणि सरकार स्वतः वादी असेल तर त्यालाही 30. कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 77 तर वाचवत नाही. नोकराला किंवा मुलीला कुणी फूस लावली आणि त्यामुळे वादी त्यांच्या सेवेला मुकला, तर त्याने एका वर्षात भरपाई मागावी! मुलीचं स्वतःचं काय गेलं, याला त्या परिशिष्टात वेगळा रकाना नाही.

अज्ञान मुलाच्या वतीने वादमित्राने दावा लावायचा असतो. तो बहुधा बाप, काका, मामा. अत्याचार घरातलाच असेल तर हा वादमित्र आणायचा कुठून? 2007 मध्ये केंद्र सरकारने 13 राज्यांत, दिल्लीच्या ‘प्रयास’ संस्थेच्या साथीने, 12,447 मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराची हकीकत सांगितली. सर्वाधिक प्रमाण असलेल्या राज्यांत दिल्ली होती. बहुतेकांनी आधी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. दिल्लीत 1996 पासून ‘राही’ संस्था अशा घरगुती अत्याचारातून गेलेल्या प्रौढ स्त्रियांसोबत काम करते आहे. मूल तेव्हाच का बोललं नाही, हा प्रश्न या माहितीपुढे टिकत नाही.

दावापत्रात एक परिच्छेद ठरलेला असतो: ‘दाव्यास कारण अमुक तारखेस घडले.’ आठ वर्षांच्या मुलीला मे महिन्याची सुट्टी आठवते, माजघराची कडी आठवते. तारीख आठवत नाही. आणि आपल्याला झोप का लागत नाही, शिक्षण का सुटलं, याचा त्या दुपारशी असलेला संबंध पस्तिशीत उमगतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्येच हे ओळखलं आणि मुदत त्या उमगण्यापासून मोजली.

भरपाई तर सरकारही देतं, मग दावा कशाला, असं विचारलं जातं. ती रक्कम सरकारी निधीतून येते, अत्याचाऱ्याच्या खिशातून नाही. शिवाय योजना राज्यागणिक वेगळी. दिल्लीच्या द्वारकेतल्या मुलाला एक, गुरुग्राममधल्याला दुसरी, नोएडातल्याला तिसरी. फौजदारी खटल्यात वादी सरकार असतं, पीडित नुसता साक्षीदार. दिवाणीत तो स्वतः वादी असतो. डोळेझाक करणाऱ्या शाळेला किंवा वसतिगृहाला तो प्रतिवादी करू शकतो, आणि त्याला संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही. संभाव्यतेचं पारडं आपल्या बाजूने झुकवलं तरी पुरे.

जुन्या दाव्यात प्रतिवादीची अडचण होते, हे मला मान्य आहे. साक्षीदार मरतात, हजेरीपटाला वाळवी लागते, आणि वाटणीच्या भांडणात असा आरोप हत्यार म्हणून वापरला जाण्याची भीती खोटी नाही. पण मुदत वाढवल्याने पुराव्याची जबाबदारी हलत नाही. ती वादीवरच राहते. दुबळा दावा पुराव्याअभावी पडेल. आज खरा दावासुद्धा तारखेवर पडतो.

न्यूयॉर्कने 2019 मध्ये दिवाणी दाव्यासाठी वयाची मर्यादा 55 केली आणि ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांच्यासाठी वेगळी खिडकी उघडली. ऑगस्ट 2021 पर्यंत ती उघडी होती. आपल्याकडे संसदेने अशा दाव्यांवरची मुदतच काढावी आणि जुन्यांसाठी अशी खिडकी द्यावी. सोबत 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम 306 बदलावं लागेल. शारीरिक इजेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क त्या कलमानुसार माणसाबरोबर संपतो; अत्याचारी मेला की त्याची जमीन, घर, ठेवी वारसांकडे जातात आणि त्यांवर पीडितेला दावा सांगता येत नाही.