दात्याची मालकी

दिलेल्या वस्तूवरील स्वतःचा हक्क निवृत्त होऊन दुसऱ्याचा हक्क उत्पन्न होणे, हे आपल्या धर्मशास्त्राने दानाचे लक्षण मानले आहे. मग ज्या वस्तूसाठी दात्याने अपरिमित द्रव्य वेचले, परंतु जिची मालकी अखेरपर्यंत स्वतःकडेच ठेवली, त्या व्ययाला दान म्हणावे काय?

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातले ब्लॅकबर्न हे एके काळचे कापडगिरण्यांचे गाव. तेथील जॅक वॉकर यांच्याकडे आणि त्यांचे बंधू फ्रेड यांच्याकडे 1951 साली वडिलांच्या पश्चात पत्र्याचा लहानसा कारखाना आला. तो वाढवून त्यांनी 1990 साली ब्रिटिश स्टीलला 33 कोटी पौंडांस विकला. गिरण्या एकेक करून बंद पडलेल्या त्या गावाला अभिमानाने सांगण्याजोगा उरला होता तो 1875 साली स्थापन झालेला रोव्हर्स हा फुटबॉल संघ. पण 1914 नंतर त्यालाही इंग्लिश लीगचे अजिंक्यपद मिळालेले नव्हते. वॉकर यांनी 1991 साली संघाचा कारभार हाती घेतला, मैदान नव्याने बांधले, डॅल्ग्लिश यांना व्यवस्थापक नेमले आणि शिअरर या आघाडीच्या खेळाडूसाठी 36 लाख पौंड मोजले. 14 मे 1995 रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर शेवटच्या क्षणी गोल होऊन रोव्हर्स हरले, पण त्याच वेळी लंडनमध्ये अजिंक्यपदासाठी चुरस देणाऱ्या मँचेस्टर युनायटेडचा सामना बरोबरीत सुटल्याची वार्ता आली आणि पराभूत संघच अजिंक्य ठरला.

गीतेने सांगितलेली दानाची कसोटी या व्ययाला लावली, तर देश, काल आणि पात्र ही तिन्ही येथे साधलेली दिसतात. मात्र फलाची आकांक्षा असल्यामुळे हे दान राजस म्हणावे लागेल. तरीही ते फळ एकट्या दात्याने भोगले नाही, साऱ्या गावाने भोगले, आणि म्हणून या राजसतेला मी हीन मानत नाही. उणीव निराळ्याच ठिकाणी आहे. संघाची मालकी अखेरपर्यंत स्वतःकडेच ठेवून वॉकर 2000 साली निवर्तले. त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाने काही वर्षे संघ सांभाळला आणि नोव्हेंबर 2010 मध्ये तो सुमारे 2.3 कोटी पौंडांस पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज या कौटुंबिक कंपनीला विकला. 2012 साली संघ वरच्या श्रेणीतून खाली उतरला. खरेदीखताने मालकी हस्तांतरित होते. मैदानाच्या लाकडी बाकांवर बसून वाढलेल्या मुलाच्या ठायी संघाविषयी जी ममता असते, ती मात्र कोणत्याही दस्तऐवजाने वारसाकडे जात नाही.

तात्पर्य, वॉकर यांचे औदार्य निःसंशय थोर होते, पण ते दान अपुरे राहिले. कारण त्याचा सारा भार एका माणसाच्या हयातीवर होता. ज्या धनिकांना आपल्या गावाच्या संघावर, शाळेवर वा रुग्णालयावर द्रव्य वेचावयाचे आहे, त्यांनी आपल्या हयातीतच गावकऱ्यांचा हक्क कायद्याने नोंदवून ठेवावा. दान पुरे होते ते तेव्हाच.